तीन रात्रींचा मुक्काम

वडिलांच्या केसपेपरवर पत्त्याचे दोन रकाने होते. वर ‘कायमचा पत्ता’ आणि खाली ‘मुंबईतील पत्ता’. पहिला रकाना वडिलांनी सावकाश, वळणदार अक्षरात भरला. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. दुसऱ्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. आम्ही आदल्या रात्री गाडीने आलो होतो आणि पहाटेपासून परळच्या त्या रांगेत उभे होतो. मुंबईत आमचे कोणीच नव्हते. मागच्या माणसाने हळूच सांगितले, “मोकळा सोडा. सगळेच सोडतात.” तो खानदेशातला शेतकरी होता. गावी त्याचे तीन खणांचे घर होते, गोठ्यात दोन बैल होते, आणि मुंबईत तो सतरा दिवसांपासून बायकोसह फुटपाथवर राहत होता. तिला घशाचा कर्करोग होता.

माझा अभ्यासाचा विषय मुंबई इलाख्यातील साथींचा इतिहास. प्लेगच्या काळात सरकारने उभारलेल्या छावण्यांवरची कागदपत्रे मी तोवर पुष्कळ वाचली होती. पण आजारी माणसाला छप्पर कोणी द्यायचे, किती दिवस द्यायचे आणि कोणत्या अटीवर द्यायचे, हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट कळला तो त्या रिकाम्या रकान्यापाशी. त्यानंतर काही वर्षे मी त्याचा मागोवा घेत राहिलो. हा लेख त्यातून आला आहे. यात मुख्यतः मुंबई आहे, कारण महाराष्ट्रातला गंभीर आजारी माणूस शेवटी मुंबईला येतो. निदान गेली पावणेदोनशे वर्षे येत आला आहे.

दाता एक, दाने दोन

भायखळ्याच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाची पायाभरणी ३ जानेवारी १८४३ रोजी झाली आणि १८४५ मध्ये ते सुरू झाले. जमशेटजींची देणगी आणि कंपनी सरकारची मदत यांतून ते उभे राहिले. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. ही हकिगत सर्वांना ठाऊक असते. त्याच जमशेटजींनी त्याच सुमारास बेलासिस रोडवर निराधार, वृद्ध आणि अपंग माणसांसाठी एक धर्मशाळाही बांधली, हे मात्र कमी लोकांना माहीत असते. एकाच दात्याच्या मनात औषध आणि आसरा या दोन्ही गोष्टी होत्या. पण त्या दोन वेगळ्या इमारतींत, दोन वेगळ्या विश्वस्त व्यवस्थांकडे आणि दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांसाठी गेल्या. रुग्णालय आजाऱ्यासाठी, धर्मशाळा निराधारासाठी. जो आजारी आहे आणि त्या शहरापुरता निराधारही आहे, त्याची जागा कोणती, हे त्या वेळी कोणी ठरवले नाही.

तेव्हा ते ठरवण्याची फारशी गरजही भासली नसावी. एकोणिसाव्या शतकातले रुग्णालय म्हणजे मुळात खाटांची जागा. ज्याला घर आहे तो घरीच वैद्य-डॉक्टर बोलावी. रुग्णालयात जाई तो बहुधा ज्याला बघायला कोणी नाही असा. गिरणीत हात सापडलेला मजूर, बंदरावर पडलेला खलाशी, रस्त्यावर सापडलेला अनोळखी. रुग्णालय हेच त्याचे काही दिवसांचे घर होई.

धर्मशाळेचा रिवाज तर त्याहून कितीतरी जुना. यात्रेकरूसाठी क्षेत्राच्या ठिकाणी ओवऱ्या आणि धर्मशाळा बांधणे हे पुण्यकर्म. अहिल्याबाई होळकरांनी देशभरात बांधलेल्या घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रांची नावे आजही घेतली जातात. या धर्मशाळांत साधारण तीन रात्रींचा मुक्काम मान्य असे. यात्रेकरूला तेवढे पुरे. आला, स्नान केले, दर्शन घेतले, प्रसाद घेतला, निघाला. जास्त राहील तो यात्रेकरू नव्हे, बिऱ्हाडकरू. ही तीन रात्रींची मर्यादा लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळा पेच तिच्यातूनच निर्माण झाला.

पहारेकऱ्याचे छप्पर

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरातून निम्म्याला थोडीच कमी माणसे बाहेर पडली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि सरकारला घरात शिरण्याचा, आजाऱ्याला उचलून नेण्याचा आणि त्याच्या घरच्यांना वेगळे ठेवण्याचा अधिकार मिळाला.

त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांत ‘सेग्रिगेशन क्याम्प’ हा शब्द सतत येतो. बांबू, तट्ट्या आणि झाप यांच्या लांबच लांब झोपड्या, भोवती कुंपण, फाटकावर पहारा. मोकळी हवा, फवारलेली जमीन, ठरावीक शिधा. वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात चूक फारशी नव्हती. उंदरांनी भरलेल्या अंधाऱ्या खोलीपेक्षा माळावरची झोपडी नक्कीच बरी. खेड्यापाड्यांतले लोक प्लेगात आपणहून शिवारात झोपड्या घालून राहतच होते. त्या आठवणी आमच्या आजीच्या पिढीपर्यंत सांगितल्या जात. तरी शहरातल्या छावणीचे नाव काढले की लोक थरथर कापत.

कारण उघड आहे. शिवारातली झोपडी आपण घातलेली असे आणि मनाला येईल तेव्हा सोडता येई. छावणीत नेले जाई, आणि माघारी येईपर्यंत घराची कौले उतरवलेली असत, सामान जाळलेले असे, दारावर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवलेली असत. म्हणजे माणसाच्या राहण्यास अयोग्य. एक छप्पर देताना दुसरे काढून घेतले जाई. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी अफवा होती. आणि बहुतेकांना अगदी शेवटच्या अवस्थेतच तिथे नेले जात असल्यामुळे ती अफवा रोज खरीही ठरत होती.

१८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि हवेशीर चाळी बांधणे हे त्याचे काम. पाडणे वेगाने झाले, बांधणे मागे राहिले. पाडलेल्या खोल्यांतली माणसे शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरली. आरोग्यासाठी घर पाडणे आणि त्यातून नवे बेघर निर्माण होणे, हे मुंबईने तेव्हा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पाहिले.

पण त्याच वर्षांत दुसरी एक रीतही दिसते. निरनिराळ्या जातींनी आणि समाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालये काढली. आपली माणसे, आपले स्वयंपाकी, आत-बाहेर जाण्याची मुभा. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय चालवले. आणि पुण्याजवळच, हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात, सावित्रीबाई फुले यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या पांडुरंग गायकवाड या लहान मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घालून त्या दवाखान्यात आणले. त्या शुश्रूषेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारी छावणी आणि ससाणे मळा या दोन्ही जागा माळावरच्याच, दोन्ही तात्पुरत्या, दोन्ही एकाच रोगासाठी. एका ठिकाणी आजाऱ्याला शिपाई घेऊन जाई, दुसऱ्या ठिकाणी त्याला आईच्या वयाची बाई पाठीवर घेऊन आली. लोक कुठे आपणहून गेले असते, हे सांगायला नको.

कंगाल कोणाला म्हणावे

या काळातला आणखी एक धागा कुष्ठरोगाचा. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर एच. ए. अ‍ॅकवर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी आश्रयगृह उभारले. मराठी वाचकाला अ‍ॅकवर्थ वेगळ्या कारणासाठी माहीत असतात: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तो १८९१ साली. म्हणजे पोवाडे गोळा करणे आणि रस्त्यावर भीक मागणारे कुष्ठरोगी गोळा करणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून एकाच सुमारास झाली. त्यांच्या आश्रयगृहात शेती होती, उपचार होते, जेवण होते. तिथल्या लोकांचे हाल रस्त्यापेक्षा नक्कीच कमी होते. पण तिथे ते राहायला आले नव्हते, त्यांना ठेवले होते.

१८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने ही गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडली. तो कायदा सर्व कुष्ठरोग्यांना लागू नव्हता. पकडून आश्रयगृहात ठेवायचे ते ‘कंगाल कुष्ठरोग्याला’. म्हणजे जो उघड्यावर भीक मागतो किंवा ज्याला उपजीविकेचे काही दृश्य साधन नाही, त्याला. ज्याच्या घराला दार आहे त्याने दार लावून घ्यावे, कायदा त्याच्या वाटेला जात नसे. रोग तोच, जंतू तोच. फरक फक्त घराचा. घर नसणे हाच आजाराचा वाढीव भाग आहे आणि त्यावर उपाय म्हणजे कोंडणे, असा हा विचार होता.

हा विचार इंग्रज गेल्यावर संपला असे समजण्याचे कारण नाही. मुंबईत १९४५ मध्ये भिकाऱ्यांसंबंधी कायदा झाला होता. त्याची जागा १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने घेतली. पहिल्यांदा पकडलेल्याला एक ते तीन वर्षे, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत कोंडण्याची त्यात सोय आहे. भिक्षेकरी गृहात छप्पर मिळते, जेवण मिळते, डॉक्टरही येतो. हा कायदा पुढे देशातल्या अनेक राज्यांनी उचलला. दिल्लीपुरत्या त्यातल्या मुख्य तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये रद्द केल्या.

कुष्ठरोगाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रानेच दुसरी वाट दाखवली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी सहा रोग्यांना घेऊन सुरू केलेल्या आनंदवनाचे उद्घाटन १९५१ साली विनोबांच्या हस्ते झाले. या दोन्ही ठिकाणी औषध, घर आणि काम या गोष्टी एकाच अंगणात आल्या. तिथला माणूस कोंडलेला नव्हता. तो तिथला रहिवासी होता.

वारीतून वॉर्डाकडे

आता ज्या माणसाने हा प्रश्न माझ्या मते सर्वांत नेमका ओळखला, त्याच्याकडे येऊ. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगे महाराज. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव. जात परीट. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. म्हणजे स्वतःच्या इच्छेने ते बेघर झाले आणि १९५६ च्या २० डिसेंबरला वाटेतच त्यांचा अंत झाला तोवर बेघरच राहिले. हातात खराटा, डोक्यावर किंवा हातात गाडगे, अंगावर चिंध्या. कीर्तनातून आलेला पैसा त्यांनी स्वतःकडे कधी ठेवला नाही. त्यातून नदीवर घाट झाले, शाळा झाल्या, वसतिगृहे झाली आणि धर्मशाळा झाल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी. त्या सर्व त्यांनी विश्वस्तांकडे सोपवल्या आणि आपल्या नात्यागोत्यातल्या कोणाचा त्यांवर हक्क चालणार नाही अशी व्यवस्था केली. स्वतः मात्र ते या पक्क्या इमारतींबाहेर झाडाखाली किंवा झोपडीत निजत.

पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचा अर्थ विशेष आहे. वारीला आलेल्या अस्पृश्य वारकऱ्याला तिथल्या कोणत्याही धर्मशाळेत जागा मिळत नसे. गावी घर असलेला माणूस देवाच्या दारी येऊन बेघर होई, तोही तीन रात्रींसाठी नव्हे तर जन्माने. गाडगे महाराजांनी त्याच्यासाठी दगडी छप्पर उभे केले. १९४९ मध्ये ही वास्तू त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीने कळीची धर्मशाळा वेगळीच. १९५४ मध्ये मुंबईला जे. जे. रुग्णालयाशेजारी त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. तिथे देऊळ नाही, नदी नाही, एकादशी नाही. क्षेत्र बदलले होते, हे अक्षर न शिकलेल्या या कीर्तनकाराने ओळखले होते. रेल्वेने खानदेश, वऱ्हाड, मराठवाडा मुंबईला जोडला गेला होता. पेनिसिलिन आले होते, शस्त्रक्रिया सुरक्षित होऊ लागल्या होत्या. जो पूर्वी आजारात देवाला नवस बोलून घरीच पडून राही, तो आता गाडी धरून जे. जे.ला येऊ लागला होता. त्याच्याबरोबर येणारी बायको, भाऊ, म्हातारी आई रुग्णालयाच्या व्हरांड्यात आणि बाहेरच्या रस्त्यावर झोपत होती. गाडगे महाराजांच्या नजरेला हा नवा वारकरी दिसला. त्यांचा संदेश म्हणून जी दशसूत्री सांगितली जाते, तिच्यात बेघरांचा आसरा आणि रोग्यांचे औषधपाणी ही दोन कलमे एकामागोमाग येतात. जमशेटजींच्या काळात दोन रस्त्यांवर राहिलेली ही दोन दाने इथे शंभर वर्षांनी एका भिंतीला भिंत लागून उभी राहिली.

गावाची खोली

गाडगे महाराजांची धर्मशाळा होती ती भायखळ्याला. परळला चित्र निराळे होते. १९२६ मध्ये के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले, त्याच काळात वाडियांची दोन रुग्णालये झाली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल उघडले. ही सर्व रुग्णालये गिरणगावाच्या मधोमध आहेत. तिथे धर्मशाळेचे काम कित्येक वर्षे एका वेगळ्याच संस्थेने केले. तिच्यावर ना कुठली पाटी होती, ना कुणाचे उद्घाटन.

कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी लालबाग, परळ, डिलाइल रोडच्या चाळींत खोल्या घेतल्या होत्या. गावाची खोली, मंडळाची खोली. एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष, पाळीप्रमाणे झोपणारे. ट्रंका भिंतीला, वळकट्या माळ्यावर, जेवण खानावळीत. गोव्याच्या लोकांची धोबीतलाव, माझगावातली ‘कूड’ हीही त्याच धर्तीची, बोटीवर जाणाऱ्या तारवटींसाठी गावाने राखलेली. या खोल्यांच्या भिंतींवर गावदेवाची तसबीर असे आणि नियम गावकीचे असत. गावातला कोणी आजारी पडून आला की त्याचे बस्तान इथे. खोलीतला एखादा रात्रपाळीवाला सकाळी त्याला के. ई. एम.च्या रांगेत उभा करी, दुसरा दुपारी डबा नेऊन देई. त्याच्या केसपेपरवर ‘मुंबईतील पत्ता’ हा रकाना मोकळा राहत नसे. चाळीचे नाव आणि खोलीचा नंबर तिथे लिहिला जाई.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो कधी रीतसर संपलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, कामगार गावी परतले, चाळींच्या जागी उंच इमारती आल्या आणि गावाच्या खोल्या एकेक करून विकल्या गेल्या किंवा पाडल्या गेल्या. संपाने नोकऱ्या गेल्या, हे आपण सांगतो. त्याबरोबर महाराष्ट्रातल्या शेकडो गावांचे मुंबईतले आजारपणाचे घर गेले, हे सहसा कोणी सांगत नाही. परळच्या फुटपाथवर बाहेरगावचे रुग्ण दिसू लागण्यामागे रुग्णालयांची वाढती कीर्ती हे एक कारण आहेच. पण गावाची खोली जाणे हे दुसरे कारण आहे, आणि माझ्या मते तितकेच मोठे.

सहा आठवड्यांचा हिशेब

याच काळात उपचारांचे स्वरूप बदलले. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस आणि सलग पाच ते सात आठवडे घ्यावे लागतात. प्रत्येक दिवशी यंत्राखाली काही मिनिटे, उरलेला दिवस मोकळा. त्यासाठी रुग्णालय खाट देत नाही, आणि ते बरोबरही आहे. नाहीतर शस्त्रक्रियेच्या रोग्याला जागा उरणार नाही. केमोथेरपीचे डोस बहुधा तीन-तीन आठवड्यांनी, काही महिने. दोन डोसांच्या मध्ये पांढऱ्या पेशी खाली जातात आणि साधा जुलाबही जिवावर बेततो. अशा वेळी उकळलेले पाणी, ताजे अन्न, स्वच्छ संडास आणि कोरडे अंथरूण हा उपचाराचाच भाग असतो. फुटपाथवर यातले काहीही नाही. मग माणूस दोन डोस घेऊन गावी जातो आणि परत येत नाही. औषध फुकट मिळाले म्हणून तो टिकत नाही. छप्पर मिळाले तर टिकतो.

तीन रात्रींच्या धर्मशाळेला आणि जमशेटजींच्या खाटांच्या रुग्णालयाला सहा आठवड्यांचा हा पाहुणा माहीतच नव्हता. ही उणीव ओळखून काही जागा उभ्या राहिल्या. १९८० च्या दशकात दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्याच नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची सोय झाली. टाटाचे नामवंत गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या स्मरणार्थ वांद्र्याला रुग्णांसाठी निवास आहे. २००६ पासून सेंट ज्यूड संस्था कर्करोगग्रस्त मुलांना आईवडिलांसह राहायला जागा देते. कॉटन ग्रीनला बंदराच्या जुन्या इमारती त्यासाठी दुरुस्त केल्या गेल्या. या ठिकाणी मुक्काम रात्रींनी मोजत नाहीत, उपचाराच्या वेळापत्रकाने मोजतात. धर्मशाळेच्या इतिहासातला हा खरा बदल आहे.

पण शेजाऱ्यांची भीती मात्र प्लेगच्या काळातलीच राहिली आहे. २०२१ मध्ये करी रोडजवळच्या म्हाडाच्या शंभर सदनिका टाटा रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी देण्याचा निर्णय झाला. रहिवाशांनी हरकत घेतली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. मग लगेचच भोईवाड्याच्या बाजूला बॉम्बे डाइंगच्या जागेवरील इमारतीत तितक्याच सदनिका देण्याचे जाहीर झाले. कर्करोग संसर्गाने होत नाही, हे हरकत घेणाऱ्यांनाही माहीत असणार. परका आजारी माणूस जिन्यावर भेटेल, एवढीच ती भीती.

ज्याला गावचाही पत्ता नाही

आतापर्यंत ज्याचे गावी घर आहे त्याच्याविषयी लिहिले. त्याच फुटपाथवर असाही एक माणूस असतो, ज्याचे दोन्ही रकाने मोकळे असतात. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले. महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार, मुंबईत सुमारे ५७ हजार. एका रात्रीत रस्त्यावर जाऊन केलेली ही मोजणी. पुलाखाली, फलाटावर, बांधकामावर झोपलेले किती सुटले असतील याचा अंदाज वाचकाने करावा.

न्यायालयांनी या माणसाची दखल घेतली, पण अर्धीच. जुलै १९८५ मध्ये, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे ठरवले. त्याच निकालाने पावसाळ्यानंतर फुटपाथ मोकळे करण्यास मुभाही दिली. पुढे २०१० मध्ये, अन्नहक्काच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर लाख वस्तीमागे एक चोवीस तास उघडा निवारा हवा असे बजावले. २०१३ च्या नागरी उपजीविका अभियानात तेच माप आले: लाखामागे शंभर माणसांचा एक निवारा, माणशी पन्नास चौरस फूट जागा. बरे होत असलेले रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी वेगळ्या निवाऱ्यांचा उल्लेखही त्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मुंबईची वस्ती २०११ मध्ये सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. शहर त्या आकड्याच्या जवळपासही नाही.

निवारा नसेल तर आरोग्याची योजनाही त्याच्यापर्यंत पोचत नाही. राज्याची जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. तिचा लाभ घेताना शिधापत्रिका हा मुख्य कागद. शिधापत्रिकेला पत्ता लागतो. क्षयरोगाच्या औषधांचा क्रम निदान सहा महिने चालतो. त्या सहा महिन्यांत पाडापाडीने माणूस तीन वेळा हलला, तर औषध देणारा त्याला शोधणार कुठे?

डॉ. भरत वाटवानी यांचे काम मला या संदर्भात महत्त्वाचे वाटते. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचे, कर्जतच्या केंद्रात ठेवून उपचार करायचे, आणि औषधाने मन थाऱ्यावर आले की त्याच्याच तोंडून गावाचे नाव काढून त्याला घरी पोचवायचे. १९८८ पासून हे चालू आहे. २०१८ मध्ये त्यासाठी त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे उपचाराने माणसाला त्याचा पत्ताच परत मिळतो. तात्पुरते छप्पर याचा अर्थ कळायला याहून चांगले उदाहरण नाही. ते छप्पर अंतिम मुक्कामाचे नसते. ते माणसाला पुढे कुठेतरी पोचवते.

रकाना

इतका इतिहास चाळल्यावर मला एकच गोष्ट ठामपणे सांगता येते. आजारी आणि बेघर माणसाला छप्पर देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कमी पडली ती दोन बाबतींत. सरकारने दिले तेव्हा बहुधा कुलपासकट दिले. समाजाने दिले तेव्हा कुलूप नव्हते, पण दिवस मोजून दिले. पुढचा निवारा बांधताना निदान या दोन चुका टाळता येतील. त्याचे दार आतून उघडता यावे आणि मुक्काम आजाराच्या हिशेबाने असावा. त्यासाठी परळच्या आसपास जागा नाही, हे कारण मला पटत नाही. गिरण्यांच्या जमिनींवर गेल्या पंचवीस वर्षांत किती मजले चढले, ते रुग्णालयाच्या रांगेत उभे राहून मोजता येतात. मी मोजलेले आहेत. रांग लांब असे.

वडिलांना अकराव्या दिवशी एका धर्मशाळेत जागा मिळाली. दोन खाटा, एक कपाट, वऱ्हाडातल्या एका कुटुंबाबरोबर निम्मी खोली. संध्याकाळी खाली खिचडी मिळे. त्यांचे तेहतीस दिवसांचे किरणोपचार पुरे झाले आणि त्यानंतर ते चार वर्षे जगले. खानदेशातला तो शेतकरी पुढे दिसला नाही. त्याच्या बायकोचे नाव पुकारले जाई त्या रांगेत दुसरे नाव पुकारले जाऊ लागले. ती बरी झाली की त्यांनी गाव गाठले, हे मला कधी कळले नाही.

दुसऱ्या फेरीला केसपेपर पुन्हा भरायचा होता. वडिलांनी ‘मुंबईतील पत्ता’ या रकान्यात धर्मशाळेचे नाव लिहिले, खोलीचा नंबर लिहिला, पिनकोड मला विचारून घेतला. मग चष्मा काढून ते अक्षर त्यांनी एकदा नीट पाहिले आणि कागद खिडकीतून आत दिला.